औषध मंजूर झालंय

डॉक्टर म्हणाले, 'नवीन औषध मंजूर झालंय,' तर हुरळून जाऊ नका. कुणी मंजूर केलं, कशासाठी केलं आणि पैसे कोण भरणार, हे तीन प्रश्न खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा. मी विचारले नाहीत. अठ्ठावीस वर्षं फौजेत कारकुनी केलेल्या माणसानं विचारले नाहीत, म्हणून हे लिहायला बसलोय. आत्ता कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन कुणी बसलं असेल, त्याच्या उपयोगी पडलं तर पडलं.

औषधाचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझं औषध ते तुमचं असेलच असं नाही. आणि आमच्याकडं एकाला लागू पडलं की आख्खी आळी तेच मागायला लागते.

खोकला

आमचं गाव फलटणजवळ. हंगामात ऊस तुटला की फडातलं पाचट पेटवतात, काजळी उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मला खोकला लागला तो त्या दिवसांत, म्हणून मी त्याला धुराचा खोकला असं नाव देऊन मोकळा झालो. आयुष्यात विडी ओढली नाही. कँटीनची रम घेतली, ती नाकारत नाही.

हंगाम संपला, कारखान्याचा भोंगा बंद झाला, तरी खोकला चालूच. बायको शालन एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, धूर संपला, मग खोकला का संपंना?"

"उन्हाळ्याचा असंल."

"आन् पावसाळ्यात पावसाचा म्हणा. उद्याच्याला दवाखान्यात चला, न्हाईतर मी माझ्या भावाला बोलावती."

तिच्या भावाला मी घाबरतो अशातला भाग नाही. पण तो आला की आठ दिवस जात नाही. म्हणून गेलो. फलटणला छातीचा फोटो काढला, फोटो बघून त्यांनी साताऱ्याला पाठवलं, साताऱ्यानं स्कॅन काढून सांगलीला पाठवलं. शालनचं माहेर पलूस. तिथनं सांगली एसटीनं तासाभराच्या आत. म्हणजे शेवटी मुक्काम मेव्हण्याकडंच पडला.

सांगलीच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी आधी शालनला बसायला सांगितलं, तिथंच माझ्या लक्षात आलं. म्हणाल्या, "काका, गाठ फुप्फुसात आहे आणि ती साधी नाही. थोडी बाहेरही पसरलीय, त्यामुळं ऑपरेशनचा उपयोग नाही. पण औषधं आहेत."

मी विचारलं, "सर्व्हिस किती राहिली मॅडम?"

त्यांना कळलं नाही. शालनला कळलं. तिनं सगळ्यांसमोर माझ्या हातावर चापट मारली.

बाहेर येऊन तिनं दोन चहा घेतले आणि दोन्ही तसेच ठेवून दिले. मी घाबरलो होतो, लय घाबरलो होतो. सीमेवर दोन वर्षं काढली, तिथंही भीती वाटायचीच. पण तिथं शंभर जण बरोबर घाबरलेले असतात, एकमेकांना शिव्या घालत रात्र काढता येते. इथं सगळं एकट्याच्या छातीत होतं, अगदी खरोखरच.

एक शब्द

गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला गेला. त्या तीन आठवड्यांत मी साताऱ्याला जाऊन माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत महागड्या उपचारांसाठी अर्ज टाकला. सोबत सगळ्या कागदांच्या प्रती, साक्षांकित, नंबर घालून. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, मंजूर झालं की कळवतो." हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या डोक्यात तेच फिरत होतं.

बुधवारी आमच्या आजाराची ओपीडी असते. त्या बुधवारी डॉक्टर पहिल्यांदाच हसत होत्या. "काका, चांगली बातमी. मुंबईचा रिपोर्ट आला. तुमच्या गाठीत जो बदल सापडलाय, त्याच्यावर एक नवीन गोळी आहे. नुकतीच मंजूर झालीय. उद्यापासून सुरू करूया."

त्यांना म्हणायचं होतं की सरकारनं हे औषध देशात विकायला परवानगी दिली. मला ऐकू आलं की माझा अर्ज मंजूर झाला. आमच्या कानांना त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे. रजा मंजूर, पेन्शन मंजूर, विहीर मंजूर, घरकुल मंजूर. मंजूर म्हणजे सही झाली, शिक्का बसला, आता आपल्या खिशात हात घालायचं कारण नाही. शालननं तर तिथंच हात जोडले. आमचं कुलदैवत म्हसवडचा सिद्धनाथ. "नाथबाबा पावला," म्हणाली आणि दाराबाहेर पडायच्या आधीच भावाला फोन लावला. "ह्यांचं मंजूर झालं रं!"

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, खाली जाता जाता समाजसेविका मॅडमना भेटा. जिन्याखाली त्यांचं टेबल. त्यांनी एक फॉर्म पुढं केला. "काका, हे औषध फार महाग आहे. कंपनीची मदत योजना आहे, त्यात औषध मोफत मिळतं. या खेपेला आपल्याकडं एकच जागा उरलीय. डॉक्टरांनी तुमचं नाव पाठवलंय. सही करा."

मी छाती पुढं काढली. "मॅडम, आमचं मंजूर झालंय. ही जागा दुसऱ्या गरजूला द्या."

"नक्की ना काका?"

"म्हणजे काय! लेखी देऊ का?"

त्यांनी मागितलं नव्हतं. मीच कागद मागून घेतला. तोंडी व्यवहारावर माझा कधी विश्वास नाही. 'मला सदर मदतीची आवश्यकता नसल्याने माझे नाव स्वखुशीने मागे घेत आहे.' खाली सही, तारीख, वेळ. अक्षर माझं आजही मोत्यासारखं आहे. शालन कौतुकानं बघत होती.

खिडकी

औषधाची खिडकी तळमजल्यावर. मी चिठ्ठी आणि योजनेचं कार्ड सरकवलं. फार्मासिस्टनं एक छोटा डबा आणून ठेवला, मग कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

"काका, हे कार्ड ह्याला चालत नाही. औषध नवीन आहे, तुमच्या यादीत नाही."

"मंजूर झालंय ते."

"बरोबर आहे. बाजारात विकायला मंजूर झालंय."

"मग?"

"छापील किंमत एक लाख बारा हजार. आपल्याकडं थोडी सूट बसेल."

मी म्हटलं, "वर्षाचे?"

त्याला वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, "महिन्याचे, काका. तीस गोळ्या."

माझं तीन महिन्यांचं पेन्शन त्या मूठभर डब्यात होतं. मागं रांग होती, कुणीतरी "आटपा की पाव्हणं" म्हणालं. शालननं विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हटलं, "काय नाही, एक सही राहिलीय." लग्नाला सदतीस वर्षं झाली, तिला खोटं लगेच कळतं. तिनं माझी बाही धरली आणि जिन्याकडं चालायला लागली.

जिना चढता चढता मला माझा सगळा मूर्खपणा एकदम समजला. हेच इंग्रजीत सांगितलं असतं तर मी एका क्षणात ओळखलं असतं. अप्रूव्हल वेगळं, सँक्शन वेगळं. एखादी वस्तू घेण्याजोगी आहे हे एक झालं, आणि तिच्यासाठी पैसे दिले हे दुसरं. आयुष्यभर फायलींवर मी हे दोन शिक्के वेगवेगळे मारले आणि स्वतःच्या फायलीवर आंधळा झालो.

डॉक्टरांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो काका, मी विक्रीच्या परवानगीबद्दल बोलत होते! आणि किमतीचं मी मुद्दाम बोलले नाही, कारण मदत योजनेत तुमचं नाव मीच पाठवलं होतं. मॅडम भेटल्या ना?"

शालन म्हणाली, "भेटल्या. ह्येंनी नको म्हून लिवून दिलंय."

"कधी?"

"मगाशीच."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजून गेले होते. "मग पळा. चार वाजता यादी जाते. पुढची खेप कधी येईल ते कुणालाच माहीत नाही, आणि तुम्हाला पंधरा दिवसांच्या आत काहीतरी सुरू करायलाच हवं."

चार वाजायच्या आत

पळा म्हणायला ठीक आहे. माझं एक फुप्फुस निम्मं कामातनं गेलेलं. दोन पायऱ्या उतरल्या की थांबायचं, कठडा धरायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन पायऱ्या. आणि अशात मला आठवलं की आपण लेखी दिलंय, तर परत घ्यायचं तेही लेखीच पाहिजे. मी जिन्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला आणि लिहायला लागलो. 'विषय : आज रोजी दिलेली माघार रद्द करणेबाबत.'

शालनचा तोल सुटला. "आवं, लिवत काय बसलाय! तोंडानं सांगा की! चार वाजायला आलं! द्या ती जागा आमची आमाला म्हणावं!" तिचा आवाज त्या जिन्यात असा घुमला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला लागले. मी सही केली, तारीख घातली आणि उतरलो.

टेबलाशी मॅडम नव्हत्या, झेरॉक्सला गेल्या होत्या. समोरच्या खुर्चीत एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, वाळलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, पायाशी कापडी पिशवी. तिनं माझ्याकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं आणि ताडकन उठली.

"तुमीच का ते मेजर?"

आमच्या भागात शिपाई असो नाहीतर सुभेदार, फौजेतनं आला की तो मेजरच. मी मान हलवली.

"जय भीम, दादा. मी कांता. म्हसवडकडची. अंगणवाडीत मदतनीस हाय. मॅडम आत्ताच म्हणाल्या, तुमी जागा सोडली म्हून माझं नाव लागलं. दोन म्हैनं नुसता नंबर लावून बसलीया हितं. लय उपकार झालं बघा तुमचं." आणि वाकून ती माझ्या पाया पडली.

मी मागं सरलो. तोंडातनं सवयीनं "जय हिंद" निघालं. शालन मागनं कोपरानं ढोसत होती. "सांगा. आवं सांगा."

तेवढ्यात मॅडम झेरॉक्स घेऊन आल्या. "काय काका, काही राहिलं का?"

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. तो कागद पुढं केला असता तर जागा नियमानं माझी होती, कारण यादी अजून टेबलावरच पडलेली. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"काही नाही मॅडम. ह्यांच्या नावात खाडाखोड नाही ना, तेवढं बघा. खाडाखोड असली की अर्ज परत येतात."

लोक पुढं मला म्हणाले, मेजर, लय मोठं मन तुमचं. मोठंबिठं काही नाही. पाया पडलेल्या बाईसमोर 'दे माझं मला' म्हणायची लाज वाटली. स्वतःच्या जिवापेक्षा लाज मोठी झाली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं आणि मला त्याचा अभिमान अजिबात नाही.

पलूसपर्यंत एसटीत शालन पिशवी मांडीवर आवळून खिडकीबाहेर बघत बसली. स्टँडवर उतरलो, पिशवी खाली ठेवली आणि मग ती फुटली. "दुसऱ्याची बाईल जगावी म्हून सोडलं व्हय? मग माझा नवरा कुणी जगवायचा? सांगा की, कुणी जगवायचा?" भोवती माणसं जमली. तिला त्यांची पर्वा नव्हती. मला रडू येत होतं आणि पर्वा होती.

तक्ता

फौजेत माझं काम खरेदी विभागात होतं. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणचे दर मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सगळ्यात कमी दराची शिफारस करून साहेबांच्या सहीला पाठवायची. आता हातात पंधरा दिवस होते. मी मेव्हण्याच्या पडवीत फुलस्केप कागद घेऊन बसलो आणि माझ्या जिवाचा तक्ता आखला. औषध, दर, लाभ, त्रास, शेरा.

त्याच गाठीवर चालणारी, डॉक्टरांनी सांगितलेली एक जुनी गोळी आणि ही नवी गोळी. जुनीला बरीच वर्षं झालेली, अनेक कंपन्या बनवतात, आणि ती आमच्या योजनेच्या यादीत होती. दरासाठी मी दवाखान्याची खिडकी, सांगलीतला एक होलसेलवाला आणि साताऱ्यातला एक औषध दुकानदार असे तिघे गाठले. शिकलेली गोष्ट अशी : जुन्या औषधाच्या डब्यावरची किंमत आणि खरी किंमत यांत जमीनअस्मानाचा फरक. एकानं छापील किमतीच्या निम्म्यात द्यायची तयारी दाखवली, दुसऱ्यानं त्याहून कमी. विचारलं नाही तर छापील घेतात. नव्याचं तसं नाही. एकच कंपनी बनवते, त्यामुळं कुठंही जा, दोन-तीन हजारांच्या वर कुणी हलत नाही. तुम्हाला औषध लिहून दिलं तर ते कितीजण बनवतात, हे जरूर विचारा.

लाभाचा रकाना मात्र कोराच राहिला. तो दुकानदाराला विचारून भरता येत नाही. मी तक्ता घेऊन डॉक्टरांपुढं बसलो.

"मॅडम, ह्यात खरं खरं सांगा. महाग आहे म्हणून जास्त चांगली, असं आहे का?"

त्यांनी तक्ता बघितला, दोनदा वाचला. मग दार लावून घेतलं. "जुनी वाईट नाही, काका. काम करते. नवी आजाराला जास्त दिवस थोपवते, निदान आत्तापर्यंत तसं दिसलंय. डोक्याकडं जाण्यापासूनही जास्त अडवते. पण नवी आहे, त्यामुळं खूप वर्षांनी काय होतं ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"बरा होईन?"

"नाही. थांबेल."

"किती दिवस?"

"ते मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला लागू पडतेय की नाही, हे तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये कळेल."

मी जसंच्या तसं रकान्यात भरलं. त्या म्हणाल्या, "ह्याची झेरॉक्स मला देऊन जा." एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

घरी येऊन मी नियमाप्रमाणं शेरा लिहिला : 'दर विचारात घेता जुने औषध घेण्याची शिफारस करण्यात येत आहे.' आणि तक्ता शालनच्या हातात दिला. जेवणं झाली होती. तिनं चष्मा लावला, एकेक अक्षर लावत वाचलं. ती चौथी शिकलीय.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"तुमी फौजेत काय हुता?"

"क्लार्क. तुला माहीत नाही का?"

"क्लार्क शिफारस करतो. सही साहेब करतो. तुमीच सांगत हुता न्हवं आयुष्यभर? मग हितं साहेब कोण हाय?"

"इथं कुठला आलाय साहेब, शालन?"

"म्या हाय," ती म्हणाली. पेन घेतला आणि माझ्या त्या आखीव तक्त्यावर आडवं, रकाने ओलांडून, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं : नामंजूर.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तीन म्हैनं नवी खायाची. लागू पडली तर पुढचं बघू, न्हाई पडली तर तुमची जुनी. स्लॅबसाठी ठेवलेली ठेव मोडा. पत्रा गळतोय तर गळूद्या. खाली बसायला माणूस पायजे."

सर्व्हिसमध्ये माझी एकही शिफारस कुणी फेटाळली नव्हती.

रोज आठ वाजता

सकाळी आठला गोळी. शालन समोर उभी राहायची, गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलायची नाही. पहिल्या आठवड्यात तोंडावर पुरळ आलं, एकसष्टाव्या वर्षी कॉलेजातल्या पोरासारखं. मग तोंड आलं, भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी आली. मग पोट बिघडलं. नखं दुखायला लागली, शर्टाचं बटण शालन लावायची. मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतो : त्रास झाला की लपवू नका, फोन करून विचारा. मी पाच दिवस लपवला, कारण गोळी बंद करतील आणि पैसे वाया जातील अशी धास्ती होती. बंद केली नाही. पुरळाला मलम दिलं, ते चाळीस रुपयांचं होतं.

एकदा गोळी हातातनं निसटली आणि कॉटखाली गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर, मोबाइलची बॅटरी लावून शोधतोय. मी मनात भाग दिला, एका गोळीचे किती होतात ते, आणि सरळ कॉटखाली शिरलो. शालनला ती कोपऱ्यातल्या जळमटात सापडली. तिनं फुंकर मारली, पदराला पुसली आणि म्हणाली, "आ करा."

दर पंधरा दिवसांनी बुधवारी सांगली. कांताबाई बहुतेक वेळा तिथं असायच्याच. लांबनं हात करायच्या. "मेजर, बरं हाय न्हवं?" मी "हाय हाय" म्हणून पुढं सटकायचो. त्यांच्या पिशवीतला डबा माझ्याच डब्यासारखा होता. तो दिसला की मी नजर वळवायचो आणि मग स्वतःचाच राग यायचा.

बाकावर

तीन महिने झाले. स्कॅन झाला. त्या बुधवारी शालन पहाटेपासून उपाशी होती, नाव कुठल्यातरी देवाचं घेत होती आणि मला मात्र जबरदस्तीनं उपीट चारलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. मला दोन्ही सारखेच दिसत होते.

"वाढ नाही, काका. उलट थोडी लहान झालीय. गोळी लागू पडली."

शालन एवढ्या दिवसांत दवाखान्यात कधी रडली नव्हती, ती त्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणालो, "ह्यांना जरा पाणी द्या, ह्या आमच्या साहेब आहेत."

ठेवीत अजून चार डब्यांची सोय आहे. पुढचं माहीत नाही. योजनेकडं मी औषध यादीत घ्यावं म्हणून अर्ज केलाय, सोबत तो तक्ता जोडलाय, शालनच्या शेऱ्यासकट. उत्तर आलेलं नाही.

शालन खिडकीवर डबा घ्यायला गेली. मी बाकावर बसलो तर कांताबाई शेजारी येऊन टेकल्या. त्यांचाही स्कॅन झाला होता.

"गाठ निम्म्यावर आली म्हणत्यात," त्या म्हणाल्या.

निम्म्यावर! माझी नुसती थोडी लहान. मला सरळ सरळ हेवा वाटला. फुकटचं औषध जास्त लागू पडलं की काय, असं मनात आलं, आणि त्या विचाराची अशी शरम वाटली की म्हटलं आता बोलूनच टाकावं.

"कांताबाई, एक सांगायचंय. त्या दिवशी मी जागा उदार होऊन सोडली नव्हती. माझा घोळ झाला होता. मी परत मागायला आलो होतो."

"ठावं हाय मला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाय पायजे? तुमच्या मालकीण जिन्यात वरडत हुत्या, आख्ख्या दवाखान्यानं ऐकलं. मग तुमी कागद घिऊन उतरला. म्हनलं, ह्यो माणूस तोंड उघडायच्या आत आपुन त्येच्या पाया पडाय पायजे. पाया पडल्याव मागायचा न्हाई."

"म्हणजे ते उपकारबिपकार..."

"उपकार हुतंच की. घाई जागंसाठी केली." त्यांनी रुमाल सारखा केला. "राग आला?"

"आला."

"येनारच. मला काय गोड लागलं का ते? दर खेपेला पयलं तुमी आलाय का बघायची. तुमी दिसला की मग जाऊन नंबर लावायची. मागं एका बुधवारी तुमाला उशीर झाला, दुपार झाली, तर मी हितंच बसून हुते. एकदा जरी तुमी आला नसता, तर मेजर, मला पुना नंबर लावायचं त्वांड ऱ्हायलं नसतं."

शालन डबा छातीशी धरून येत होती. आम्ही दोघं गप्प बसलेले बघून तिनं विचारलं, "काय झालं? काय बोलत हुता?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुढच्या वेळी कितीची एसटी धरायची ते ठरवतोय. ह्यांना थांबायला लागतं."